रेस सुटत नाही

ब्रेक लागला नाही तर माणूस तत्काळ घाबरतो. रेस, म्हणजे ॲक्सिलरेटर, सुटली नाही तर आधी घाबरत नाही, बुचकळ्यात पडतो. पाय तर उचललाय, मग इंजिन कुणाच्या जिवावर ओरडतंय? पहिला संशय येतो तो स्वतःच्या पायाचाच.

आमच्या काकांना संशय ना पायाचा होता ना गाडीचा. त्यांच्या मते तो गाडीचा स्वभाव. गाडी एमजीबी. इंग्लंडात ॲबिंग्डनच्या कारखान्यात 1962 पासून 1980 पर्यंत बनत होती ती. दोन सीट, दुमडून मागे टाकायचं कापडी छत, 1798 सीसीचं इंजिन, त्याला पेट्रोल-हवा मिसळून देणारे दोन एसयू कार्बोरेटर. आत बसायचं म्हणजे बसायचं नाहीच, उतरायचं. बेळगावच्या कॅम्पातून निवृत्त होऊन गेलेल्या एका लष्करी अधिकाऱ्याकडून ती काकांकडे आली आणि तेव्हापासून काका रविवारी गॉगल लावतात. पेट्रोल पंपावर पोरं विचारतात, "काका, ही एमजी हेक्टरचीच जुनी मॉडेल काय ओ?" काका त्यावर बोलत नाहीत. अपमान गिळून टाकी फुल करतात.

टिळकवाडीत रेल्वेचं गेट पडलं की या स्वभावाचं जाहीर प्रदर्शन व्हायचं. गाडी न्यूट्रलला, काकांचे दोन्ही पाय सपाट खाली, आणि इंजिन कोकलतंय. शेजारचा स्कूटरवाला वळून बघायचा, भाजीची पिशवी घेतलेली मावशी बघायची. मग काका बुटाच्या टोकानं पेडलला खालून हळूच एक टोला द्यायचे, की आवाज उतरायचा. "रग आहे तिच्यात," असं माझ्याकडे न बघता म्हणायचे. हीच खोड एखाद्या साध्या व्हॅनला असती तर त्यांनी ती दुसऱ्या दिवशी विकून टाकली असती. जुन्या स्पोर्ट्स गाडीचं हे एक बरं असतं. तिच्यात बिघाड होत नाहीत, तिला लहरी येतात. इंजिनाखाली तेलाचा डाग पडला तर ते वय नव्हे, खानदान.

काकूंना हे खानदान मान्य नव्हतं. पावसाळ्यात बेळगावच्या माणसाचे पाय शिनोळी-चंदगडवरून आंबोलीकडे वळतातच, पण काकूंनी साफ सांगितलं, "सावंतवाडीच्या बाजूला घाट उतरताना तिची रग चढली म्हणजे?" याला काकांकडे उत्तर नव्हतं. गाडी उद्यमबागेजवळच्या मेस्त्रींकडे गेली.

जाण्याआधी सल्ले गोळा झाले होते. रेस अडकते म्हटलं की आपल्याकडे दहातले नऊ जण म्हणतात, स्प्रिंग टाइट घाला. काकांनी तर कुठूनशी अंगठ्याएवढी जाड स्प्रिंग पैदा करून खिशात ठेवली होती. मेस्त्रींनी ती हातात घेतली, ताणून बघितली आणि बाकड्यावर ठेवली. "स्प्रिंगनं काय केलंय ओ तुमचं? ती ओढालीय की. तिला धरून कोण बसलंय ते बघूया."

मला हे फार पटलं. पेडल दाबायला आपला अख्खा पाय आहे. परत आणायला मात्र कोणी नाही. विहिरीच्या दोरानं घागर वर ओढता येते, त्याच दोरानं ढकलून खाली पाठवता येत नाही. पेडलपासून कार्बोरेटरपर्यंत जाणाऱ्या केबलचं तसंच. ती फक्त ओढते. पाय उचलल्यावर कार्बोरेटरच्या घशातली झडप मिटवायची, लिव्हर मागे न्यायचा, केबल खेचायची आणि पेडल वर आणायचं, हे सगळं त्या काटकुळ्या स्प्रिंगा करतात. वाटेत कुठे थोडं जरी घासलं तरी हिशोब चुकतो. त्यावर जाड स्प्रिंग घातली तर काही दिवस बरं वाटतं. पेडल जड होतं, पोटरी दुखते, सुरुवातीलाच गाडी हिसका देते, केबल लवकर झिजते, आणि घासणारी गोष्ट आत तशीच राहते.

मेस्त्रींची शोधायची रीत अगदी सरळ. इंजिन बंद. आधी पायाखालची मॅट काढून बाहेर फेकली, कारण निम्म्या वेळा चोर तीच असते. मग कार्बोरेटरच्या टोकाची केबल सोडवली. इथे त्यांच्याकडचा 11 चा पाना बसेना आणि 12 चा नुसता सटकायचा. जुन्या इंग्लिश गाड्यांचे नट इंचांतले. 7/16 म्हणजे 11.1 मिलीमीटर, त्या एका दशांशानं अडतं. जुन्या लॉऱ्यांच्या काळातले इंची पाने एका डब्यात निघाले तेव्हा काम पुढे सरकलं. मोकळा लिव्हर बोटानं उघडून सोडला, तर टक् करून मिटला. पुन्हा सोडला, पुन्हा टक्. "कार्बोरेटर सुटला की ओ यातनं," मेस्त्री म्हणाले. मग केबलचं मोकळं टोक धरून ओढलं. ओढताना गुमान आली, सोडताना खरखरली.

आता आत कोणीतरी शिरायला हवं होतं. मेस्त्रींचं पोट आणि त्या गाडीची पाय ठेवायची जागा यांचं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. पाय सीटच्या पाठीवर, डोकं पेडलांच्या मध्ये, टॉर्च दातांत. ओल्या गालिच्याचा वास थेट नाकात. पेडलच्या वरच्या टोकाशी, जिथे तार आऊटरच्या, म्हणजे बाहेरच्या नळीच्या, तोंडातून बाहेर येते, तिथे एक धागा तुटून बाहेर वळला होता. केसाएवढा. पेडल दाबलं की तो तारेला चिकटून मुकाट बाहेर यायचा आणि परत जाताना आऊटरच्या काठावर अडायचा. काकांच्या बुटाचा टोला त्याला बरोबर तिथून सोडवायचा. ही ती रग. तपासायला बोट फिरवलं तर अंगठ्यात घुसली.

"तडीरी, तडीरी," म्हणजे थांबा थांबा, असं मेस्त्री वरून म्हणाले आणि जुनी केबल बाहेर काढली. आत आणखी एक कारभार होता. कोण्या गॅरेजवाल्यानं मायेनं ग्रीस भरलं होतं. आतून नायलॉनचं अस्तर असलेली केबल कोरडीच ठेवायची असते. ग्रीसमध्ये आपली तांबडी धूळ बसून त्याची चटणी झाली होती.

नवी केबल मिळाली. या मॉडेलच्या पाच लाखांवर गाड्या बनल्या, त्यामुळे सुटे भाग अजून निघतात. बसवताना मेस्त्रींनी घाई केली नाही. वळण मोठं ठेवलं, सायलेन्सरच्या तापलेल्या पाइपपासून लांब. पेडल वर असताना तारेत किंचित ढील ठेवली, नाहीतर आयडलिंग, म्हणजे पाय उचलल्यावरची इंजिनाची चाल, खाली येत नाही. मला पेडल पूर्ण दाबायला लावून झडप पूर्ण उघडते का ते स्वतः वाकून बघितलं. काकांना वेगळी ताकीद दिली: पुन्हा कधी अडकलीच तर आधी न्यूट्रल, मग ब्रेक, मग इंजिन बंद, पण चावी बाहेर ओढायची नाही, स्टिअरिंग लॉक होतंय.

हल्लीच्या गाड्यांत ही तार नाहीच, पेडलाखाली सेन्सर असतो. तरी 2010 च्या जानेवारीत टोयोटानं अडकणाऱ्या पेडलांपायी अमेरिकेत सुमारे 23 लाख गाड्या परत बोलावल्या. गंमत अशी, की त्या पेडलांत घासणारा तुकडा मुद्दाम बसवलेला होता. पायाला जुन्या गाडीसारखं वाटावं म्हणून! तोच पुढे झिजून अडू लागला. दुरुस्तीला पोलादाची एक छोटी पट्टी पुरली.

काका मात्र खूश नव्हते. खानापूर रोडवर एक चक्कर मारून आले, गॉगल काढला आणि म्हणाले, "गाडी थंड झाली."

"थंड नव्हे ओ, सुटली," मेस्त्री म्हणाले.

"पूर्वी पाय उचलला तरी पळायची."

"ते पळणं नव्हतं की काका."

काकांनी बाकड्यावरची जाड स्प्रिंग उचलून पुन्हा खिशात टाकली. मेस्त्री बघत होते. काही बोलले नाहीत, फक्त बिलाच्या कागदावर खाली एक ओळ वाढवली: स्प्रिंग घातल्यास जबाबदारी आमची नाही. आणि तो कागद काकूंकडे द्यायला म्हणून माझ्या हातात दिला.