कोटेशनची फोड द्या हो!

कंपनीच्या वितरक संमेलनासाठी इव्हेंट प्लॅनर, म्हणजे कार्यक्रमाची सगळी व्यवस्था बघणारा, निवडायचं काम माझ्या गळ्यात पडलं. तारीख वरून ठरून आली, हॉल मिळाला, पाहुण्यांची यादी विक्री विभागाने दिली. हे सगळं कधी झालं ते आठवतसुद्धा नाही. आठवतात ती कोटेशन्स. एका ओळीची. 'संपूर्ण कार्यक्रम व्यवस्थापन, लंपसम', पुढे आकडा, खाली सही-शिक्का.

आमचे अकाउंट्सवाले असला कागद बघताच परत करतात, आणि बरोबरच करतात. म्हणून मी प्रत्येकाकडे फोड मागितली, कशाचे किती ते वेगवेगळं. मग उत्तरं सुरू झाली. "मॅडम, आमचं पॅकेज असतं." "आमच्या सिस्टिममधून तसं निघत नाही." "शेवटी तुम्हाला कार्यक्रम चांगला झाल्याशी मतलब ना?" एकाने तर फोडीऐवजी नवं प्रेझेंटेशनच पाठवलं, आधीच्यापेक्षा जास्त फोटोंचं. आमच्या विक्रीप्रमुखांचं म्हणणं, जो सगळ्यात स्वस्त त्याला देऊन मोकळी हो. पण स्वस्त कोण, हेच तर कळत नव्हतं. एकाच्या आकड्यात एलईडी वॉल आणि ती चालवणारा माणूस दोन्ही धरलेले, दुसऱ्याच्यात नुसती वॉल. तिसऱ्याने जनरेटर धरलाच नव्हता. कार्यक्रम संपल्यावर रात्री मंच उतरवायची मजुरी तर बहुतेकांनी वगळलेली, आणि हॉल त्याच रात्री रिकामा करून द्यायचा होता.

शेवटी वैतागून मीच एक तक्ता केला आणि सगळ्यांना तोच पाठवला. प्लॅनरची स्वतःची फी, मंच आणि बॅकड्रॉप, साउंड-लाइट-स्क्रीन, रजिस्ट्रेशन डेस्क आणि बॅज, माणसं, वाहतूक, उभारणी-उतरवणी, पर्यायी वीज, ठरल्या वेळेपुढे कार्यक्रम गेला तर तासाचा दर, कर. अट एकच: रकाना रिकामा सोडायचा नाही, एखादी गोष्ट देणार नसाल तर 'नाही' लिहा. एका महाभागाने सगळे रकाने कोरे ठेवून शेवटच्या ओळीत जुनाच लंपसम आकडा टाकून पाठवला! त्याचं नाव मी तिथेच कापलं आणि त्या दिवशी मला खरंच बरं वाटलं.

फोड द्यायला एवढी खळखळ का, ते हळूहळू कळलं. प्लॅनरची कमाई बहुधा चार वाटांनी होते: ठरलेली फी, एकूण खर्चाची टक्केवारी, तासावर आकारणी, किंवा व्हेंडरच्या दरावर चढवलेला मार्कअप आणि त्याच्याकडून मिळणारं कमिशन. टक्केवारीवाल्याला खर्च कमी करण्यात काहीच फायदा नसतो, हे लक्षात ठेवा. कमिशन घेणं मात्र चोरी नव्हे. गटाने खोल्या आरक्षित केल्या की हॉटेलं मध्यस्थाला कमिशन देतात, हे त्या धंद्यात उघड आहे. 2018 मध्ये मॅरियट या हॉटेल कंपनीने अमेरिका-कॅनडात हा दर 10 वरून 7 टक्के केला, तेव्हा प्लॅनर मंडळींनी जाहीर नाराजी व्यक्त केली होती. मग आमच्यासारख्या गिऱ्हाइकापुढेच एवढी गुपितं कशाला?

म्हणून मी सरळ विचारायला लागले, व्हेंडरकडून तुम्हाला काय मिळतं? बहुतेक जण चपापले. एकजण म्हणाले, "साउंडवाल्याकडून मिळतं. तुम्ही त्याचं बिल थेट घ्या, पण मग माझी फी तेवढी वाढेल." त्यांचा आकडा सगळ्यात कमी नव्हता. काम मी त्यांनाच दिलं, आणि विक्रीप्रमुखांना तो तक्ता समोर ठेवून पटवलं.

हो, एक आधीच सांगायला हवं होतं. कोटेशन मागवण्यापूर्वी आपलं ब्रीफ लेखी द्या: किती माणसं, किती वेळ, मंचावर काय होणार, उद्देश काय. आपणच मोघम बोललो तर समोरचा मोघमच आकडा देणार. फोटोंवर भुलू नका. तो भव्य मंच यांनी उभा केला की यांनी तिथे फक्त खुर्च्या पुरवल्या, ते फोटोत दिसत नाही. थेट विचारा, यात तुमचं काम कोणतं? जुन्या गिऱ्हाइकांना फोन कराल तेव्हा 'कसे आहेत?' असं विचारू नका, सगळे 'चांगले आहेत'च म्हणतात. काय बिघडलं होतं आणि तेव्हा हे कुठे होते, ते विचारा. सीएमपी (सर्टिफाइड मीटिंग प्रोफेशनल) हे प्लॅनर लोकांनी परीक्षा देऊन मिळवायचं प्रमाणपत्र 1985 पासून आहे. असेल तर उत्तम, पण फोड तरीही मागाच.

करारात आणखी दोन गोष्टी भांडून घाला. पहिली, कार्यक्रमाच्या दिवशी हजर कोण राहणार, त्याचं नाव. काम मिळवायच्या प्रेझेंटेशनला मालक स्वतः येतात आणि प्रत्यक्षात कालपरवा लागलेला मुलगा वॉकीटॉकी घेऊन धावत असतो. दुसरी, रद्द झालं किंवा तारीख पुढे गेली तर कोणत्या टप्प्याला किती पैसे बुडणार. अ‍ॅडव्हान्सचे हप्तेही कामाच्या टप्प्यांना बांधा. आणि जेवणाची हमीसंख्या कळवायची शेवटची तारीख स्वतःच्या कॅलेंडरवर लिहा, कारण माणसं कमी आली तरी बिल हमीच्या आकड्याचंच येतं.

आमचं अंतिम बिल तक्त्याशी ओळ न् ओळ जुळलं. जास्तीचा एकच आकडा होता, साउंडच्या वाढीव वेळेचा, कारण साहेबांचं भाषण लांबलं. दर तक्त्यात आधीच लिहिलेला होता, त्यामुळे साहेबांनी काही न बोलता सही केली.