बासष्टचा बेस

बेस गिटारच्या पिकगार्डवर, म्हणजे तारांखाली बसवलेल्या प्लॅस्टिकच्या पट्टीवर, अंगठा जोरात घासायचा आणि लगेच नाक लावायचं. साठच्या दशकाच्या सुरुवातीच्या, फेंडर या अमेरिकन कंपनीच्या बेसवरचं ते तपकिरी-लाल, कासवाच्या पाठीचा भास देणारं प्लॅस्टिक सेल्युलॉइडचं असायचं, आणि सेल्युलॉइड बनवताना त्यात कापूर घालतात. इतक्या वर्षांनीही घासून गरम केलं की कापराचा वास येतो. माझ्या टेबलावर होता फेंडरचाच जॅझ बेस हे मॉडेल, त्याला तसला काहीच वास आला नाही.

"काय झालं?" बेस विकायला आलेल्या काकांनी विचारलं.

"काही नाही. बघतोय अजून."

दादरला माझं गिटार दुरुस्तीचं छोटंसं दुकान आहे. जुलैची दुपार होती, बाहेर धो धो पाऊस, आणि भिंतीवरचा आर्द्रतेचा काटा ऐंशीच्या पुढे. ज्या मुलीला हा बेस घ्यायचा होता ती माझी जुनी गिऱ्हाईक. स्टुडिओत आणि नाटकांच्या बँडमध्ये बेस वाजवते. आदल्या रात्री तिचा फोन आला होता: "दादा, एक बासष्टचा जॅझ बेस मिळतोय. साडेसात लाख म्हणतायत. तू एकदा बघून सांग, मगच मी पैसे देते."

साडेसात लाख हा आकडाच विचित्र होता. खऱ्या १९६२ च्या जॅझ बेसला अमेरिकेत दहा हजार डॉलरच्या वर सहज मोजतात, म्हणजे त्या मानाने हा स्वस्त. आणि तो खरा नसेल, तर बाकी कशाच्याही मानाने महाग. बासष्ट सालाचं वेड का, हे बेस वाजवणाऱ्यांना सांगावं लागत नाही. ज्याचे फ्रेट, म्हणजे दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, काढून खाचा भरलेल्या आणि वर इपॉक्सी चढवलेलं, तो विख्यात बेसवादक जाको पास्तोरियसचा जॅझ बेस बासष्टचा. दुसरा तसाच बेसवादक जेम्स जेमरसन, त्याचा प्रिसिजन बेस (फेंडरचंच दुसरं मॉडेल) तोही बासष्टचाच. जाकोचा १९८६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये चोरीला गेला आणि थेट २००६ मध्ये सापडला. जेमरसनचा १९८३ मध्ये, त्याच्या मृत्यूच्या थोडं आधी चोरीला गेला, तो अजून सापडलेला नाही.

काका पन्नाशी ओलांडलेले, गिरगावात राहणारे. बेस त्यांच्या मामांचा. मामा मूळचे गोव्याचे, तरुणपणी बोटीवरच्या बँडमध्ये, पुढे मुंबईतल्या हॉटेलांत वाजवायचे. चार-पाच वर्षांपूर्वी गेले. ही हकिगत मी कान देऊन ऐकली, कारण ती अशक्य नव्हती. परदेशी वाद्यं आयात करणं जवळपास बंद होतं तेव्हा इथल्या बहुतेकांच्या हातात कलकत्त्याची गिवसन गिटार असायची, आणि एखादं खरं फेंडर दिसलंच तर ते बहुधा बोटीवरच्या कुणीतरी आणलेलं असायचं. शिवाय काकांचा चेहरा फसवायला आलेल्या माणसाचा वाटत नव्हता. केस उघडताना ते दोन्ही हात लावत होते.

आणि बेस दिसायला काय होता! सनबर्स्टमधला लाल जवळजवळ उडालेला, कडेचा काळा विटलेला, मधला पिवळा गडद मधाच्या रंगाचा. वरच्या कडेला, जिथे उजवा हात टेकतो तिथे, रंग जाऊन लाकूड उघडं पडलेलं आणि घामाने काळवंडलेलं. सगळ्या अंगावर बारीक तडे. ब्रिजचं, म्हणजे तारा अडकवायच्या धातूच्या पट्टीचं, निकेल राखाडी झालेलं, स्क्रूंच्या डोक्यांवर गंज. खांद्याला अडकवावा आणि स्टेजवर जावं, कुणी विचारणार नाही की तू कोण.

पुढचं तपासायला घेण्याआधी मी तिला म्हटलं, "आधी वाजव तू." तिने तो बराच वेळ वाजवला. सुरुवातीला सावकाश, मग बेसच्या नेकवरून, म्हणजे दांड्यावरून, हात वर-खाली सरकायला लागला तशी मोकळी झाली. "दादा, हात चिकटतच नाहीये," म्हणाली.

मुंबईच्या पावसाळ्यात हे वाक्य फार मोठं आहे. बऱ्याच नव्या बेसच्या नेकवर चकचकीत लॅकर असतं, आणि घामेजलेला अंगठा त्यावर अडतो. या नेकचं मागचं लॅकर पार गेलं होतं, लाकूड गुळगुळीत आणि कोरडं. फ्रेटबोर्डच्या कडाही गोल झालेल्या. तळव्याला कुठे टोचत नाही, बोचत नाही. बेसची नेक लांब, फ्रेटमधलं अंतर जास्त, त्यामुळे हाताला सतत प्रवास करावा लागतो. सहा तारांच्या गिटारपेक्षा बेसवर हा फरक जास्त जाणवतो, असं माझं मत आहे.

पण माझ्या मनात शंका आली ती नेमकी तिथेच. माणूस नेकवर सगळीकडे सारखा वावरत नाही. बहुतेकांचा मुक्काम पहिल्या पाच-सात फ्रेटांवर, मग अधूनमधून वर. झीज त्याप्रमाणे ठिपक्याठिपक्यांनी, कमी-जास्त पडते. इथे लॅकर पहिल्या फ्रेटपासून शेवटपर्यंत एकसारखं उतरलेलं. इतकी झीज आणि फ्रेट मात्र जवळजवळ कोरे, तारांच्या खाचा नाहीत. फ्रेट बदलता येतात, म्हणून एवढ्यावर मी काही बोललो नाही.

नोटा तपासायचा जांभळा दिवा असतो, तो मी यासाठीच ठेवलाय. जुनं नायट्रो (नायट्रोसेल्युलोज) लॅकर त्याखाली पिवळसर-हिरवट चमकतं. हा बेस मंदच राहिला. मग तडे भिंगाखाली पाहिले. नायट्रोसेल्युलोज सुकल्यानंतरही वर्षानुवर्षं आकसत राहतं, आणि थंडीतून एकदम उबेत आलं की खालच्या लाकडाबरोबर त्याला ताणता येत नाही म्हणून तडकतं. हेच घरीही करता येतं: कीबोर्डची धूळ उडवायचा डबा उलटा धरून बॉडीवर फवारायचा, लॅकर क्षणात गारठतं, मग हेअर ड्रायर. तडे खरेच पडतात, फक्त वर्षांऐवजी सेकंदांत. त्यामुळे निव्वळ तड्यांवरून मी कधी छातीठोक सांगत नाही.

"काका, उघडू का? तुमची परवानगी असेल तरच."

त्यांनी मान हलवली. तिने बेस खाली ठेवला, पण एक हात त्यावरच.

पिकगार्ड काढलं. खालीही तोच मधाळ पिवळा. रंग उन्हाने पिवळा पडला असता तर झाकलेला भाग वेगळा दिसायला हवा होता, लाल तिथे तरी तजेलदार राहिला असता. म्हणजे पिवळेपणा रंगातच मिसळून मारलेला. उघड्या लाकडाच्या कडेवर नख फिरवलं तर नायट्रोच्या पातळ थराखाली काचेसारखा कडक पॉलीचा (प्लॅस्टिकसारख्या कृत्रिम फिनिशचा) थर लागला. तो माणसाच्या हाताने असा झिजत नाही, सँडपेपर लागतो. ज्याने कुणी हे केलं त्याने कडा इतक्या हळुवार विरवल्या होत्या की मी मनातल्या मनात सलाम केला.

नॉबखालच्या पॉटवर, म्हणजे आवाज कमी-जास्त करणाऱ्या भागावर, आकडे कोरलेले असतात. पहिले तीन बनवणाऱ्याचे, पुढचे वर्ष आणि आठवडा. बासष्टच्या फेंडरमध्ये ३०४, म्हणजे स्टॅकपोल, आणि पुढे ६२ अपेक्षित. इथे १३७ होतं, म्हणजे सीटीएस, आणि पुढे ०४. मग नेकचे चार स्क्रू सैल केले आणि नेक उचलली. टाचेवर शिक्का: मे २००४. मी तो आधी काकांना दाखवला, मग तिला.

दुकानात बराच वेळ फक्त पावसाचा आणि डीह्युमिडिफायरचा आवाज.

"पण मामा स्वतः म्हणायचे, सिक्स्टी टू आहे," काका म्हणाले. आवाजात राग नव्हता, लाज होती, आणि ती मला बघवेना.

"ते खोटं बोलले नाहीत," मी म्हटलं. फेंडरने १९८२ पासून जुन्या मॉडेलांच्या प्रतिकृती काढायला सुरुवात केली, आणि त्यांना नावच सालांचं दिलं. बासष्टचा जॅझ बेस म्हणून नवा कोरा बेस दुकानात मिळायचा. त्या मालिकेचा क्रमांक मागच्या प्लेटवर इंग्रजी व्ही अक्षराने सुरू होतो. या प्लेटवर आकडे स्पष्ट होते आणि त्यांच्या आधी, बरोबर एका अक्षराएवढ्या जागेवर, गंजाचा डाग. मुद्दाम की योगायोगाने, ते मी सांगू शकत नाही. काकांना मग आठवलं, मामा म्हातारपणी मुलीकडे अमेरिकेला गेले होते, आणि बेस त्यानंतर घरात दिसायला लागला.

"पण नवा बेस मुद्दाम खराब कोण करेल?" त्यांना हे काही केल्या पटेना.

लोक करतात, आणि जास्तीचे पैसे देऊन करून घेतात. १९९५ मध्ये कॅलिफोर्नियात नॅम नावाच्या वाद्यांच्या व्यापारी मेळाव्यात फेंडरच्या कस्टम शॉपने अशा घासून जुन्या केलेल्या गिटारी मांडल्या, नाव दिलं रेलिक. तो जुनेपणा विन्स क्युनेटो नावाचा माणूस बाहेरून करून द्यायचा, १९९९ पर्यंत त्यानेच केला. पुढे त्याच्या पायऱ्या झाल्या: जणू कालच दुकानातून आणला, जणू कपाटात पडून राहिला, जणू रोज वाजवला. २००९ मध्ये रोड वर्न नावाने मेक्सिकोत बनलेल्या स्वस्त आवृत्त्या आल्या, त्यांत प्रिसिजन आणि जॅझ दोन्ही बेस होते. माझ्याकडेही पोरं नवे बेस घेऊन येतात. मी लॅमिंग्टन रोडवरून सर्किट बोर्ड कोरायचं फेरिक क्लोराइड आणतो, स्क्रू आणि ब्रिज त्यात बुचकळतो, पांढरं प्लॅस्टिक चहात भिजवतो. जाड पॉलिएस्टरचा बेस असेल तर सरळ नाही म्हणतो. तो झिजत नाही, टवके उडतात, आणि ते टवके कुणालाच आवडत नाहीत. गंजाचे पैसे मात्र घ्यायला जीवावर येतं. दादरला खिडकीत ठेवला तरी चार महिन्यांत फुकट चढतो.

हसणारे हसतात, फाटकी जीन्स विकत घेण्यातला प्रकार म्हणतात. ते आरशापुढे उभं राहण्यापुरतं खरं आहे. पण नव्याकोऱ्या बेसला पहिला ओरखडा जाईपर्यंत माणूस त्याला जपत वाजवतो. पट्ट्याचं बकल लागेल, माइकच्या स्टँडला आपटेल. ओरखडे आधीच असले की ती भीती जाते आणि हात सुटतो. बाकी जुन्या फिनिशमुळे लाकूड श्वास घेतं आणि आवाज उघडतो वगैरे जे बोललं जातं, ते मला ठोकळ्याच्या बॉडीच्या इलेक्ट्रिक बेसबाबत पटत नाही. तारा, पिकअप (तारांची थरथर टिपणारं चुंबक) आणि सेटअप यांनी जेवढा फरक पडतो त्यापुढे ते कुठेच नाही. जेमरसनचा आवाज हवा असेल तर रंग घासू नका, जाड फ्लॅटवाउंड (वरून चपट्या पट्टीने गुंडाळलेल्या) तारा चढवा आणि तुटेपर्यंत बदलू नका. तो तेच करायचा.

काकांनी केस बंद करायला हात पुढे केला. "सॉरी हं बेटा, तुझा वेळ गेला."

"थांबा ना," ती म्हणाली. "दादा, नेक परत बसवून दे. मला अजून वाजवायचाय."

बसवून दिली. तिने परत तेच वाजवलं, मघाचंच. मी बघत होतो की आता हात बिचकतो का. नाही बिचकला. मग तिने मला बाजूला घेऊन विचारलं, "याची खरी किंमत किती?"

मी दोघांसमोरच सांगितलं, कारण आतबाहेर करायची वेळ नव्हती ती. २००४ ची प्रतिकृती, उत्तम स्थितीत, इथल्या बाजारात पावणेदोन-दोन लाख. जुनेपणा कंपनीने नव्हे, कुणा तिसऱ्याने केलेला, त्यामुळे काही गिऱ्हाइकं किंमत पाडतील, काही चढवतील. मी असतो तर दोनला घेतला असता, नेकसाठी.

काका गप्प. साडेसातवरून दोन. आपण होऊन म्हणाले, "मुलीच्या फीला लागणार होते." त्यावर आम्ही दोघं काय बोलणार? चहा मागवला. त्यांनी घरी फोन केला, जिन्यात उभं राहून बराच वेळ बोलले. परत आले ते म्हणाले, "सव्वादोन. मामाचा आहे म्हणून."

तिने घासाघीस केली नाही. माझ्या लेटरहेडवर मी दोघांसाठी एकेक कागद केला: फेंडर जॅझ बेस, बासष्टच्या मॉडेलची प्रतिकृती, निर्मिती २००४, फिनिश कृत्रिमरीत्या जुनं केलेलं, प्लेटवरचं पहिलं अक्षर वाचता येत नाही. पॉटच्या आणि नेकच्या टाचेच्या शिक्क्यांचे फोटो सोबत जोडले. हा बेस पुढे अजून तीन हातांतून जाईल, आणि कुणीतरी त्याला परत बासष्टचा म्हणेलच. काकांनी तो कागद दोनदा वाचला, आणि "कृत्रिमरीत्या" वर बोट ठेवून विचारलं, हे लिहायलाच हवं का. हवंच, म्हटलं.

ते गेल्यावर तिने कामाची यादी सांगितली. फ्लॅटवाउंड तारा, ॲक्शन (फ्रेटांपासून तारांची उंची) थोडी खाली, मागच्या पिकअपची गुणगुण कमी करायला आत तांब्याची पट्टी. गंजलेले स्क्रू बदलायचे का विचारलं तर नको म्हणाली. मी म्हटलं, ब्रिजचे दोन तरी बदलू दे, आटे खाल्लेत, उद्या स्टेजवर निघून येतील.

"बदल," ती म्हणाली, "पण नवे दिसायला नकोत."

त्याचे वेगळे पडतील, मी सांगितलं.