मावशी-काकांसोबत थंडीतलं स्वित्झर्लंड: धुकं, रिगी आणि बर्नचा कांदेबाजार

आमची मावशी आणि काका नोव्हेंबरच्या शेवटी निफाडहून इकडे झुरिकला आले, आणि बऱ्याच जणांनी आधीच नाक मुरडलं होतं की हा काय सीझन आहे का, ना धड उन्हाळा ना धड बर्फ. सगळं फिरून झाल्यावर मी तर ठामपणे सांगते, घरची वयस्कर मंडळी येणार असतील तर हे दिवस छान आहेत, गर्दी कमी, ट्रेनमध्ये आरामात जागा मिळते, फक्त बेत आखायची पद्धत बदलायची.

मुख्य बदल म्हणजे डोंगराचं तिकीट आधी काढून ठेवायचं नाही. या दिवसांत झुरिक, ल्युझर्न, बर्न सगळीकडे कधी कधी सलग कितीतरी दिवस धुकं हलत नाही. थंड जड हवा खाली साचते आणि वरचा गरम हवेचा थर तिच्यावर झाकणासारखा बसतो, म्हणून खाली सगळं राखाडी आणि साधारण हजार मीटरच्या वर गेलं की लख्ख ऊन. खिडकीतून धुकं बघून लोक घरी बसतात आणि नेमका तोच दिवस वर जायचा असतो! सकाळी चहा पिताना त्या डोंगराचा वेबकॅम बघा, ऊन दिसलं की निघा, नाही दिसलं तर शहर. दुसरं म्हणजे नोव्हेंबरात बरेच रोपवे वार्षिक दुरुस्तीसाठी बंद असतात, त्यांच्या साईटवर 'रिव्हिजन' असं लिहिलेलं असतं तेवढं तपासा. ल्युझर्नजवळच्या पिलाटुस डोंगराची दात्यांच्या रुळावरची ट्रेन हिवाळ्यात बंदच असते, तिकडे जायचं तर क्रीन्सहून रोपवेने. इंटरलाकेनच्या हार्डर कुल्म डोंगराचा सीझन कधी संपतो तेही तपासा, आणि ट्रुमेलबाखचा धबधबा हिवाळाभर बंद. ग्लेशियर एक्सप्रेस ही आल्प्समधली प्रसिद्ध टुरिस्ट ट्रेन ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरपर्यंत धावत नाही, पण बर्निना एक्सप्रेस या दुसऱ्या टुरिस्ट ट्रेनची डोंगरातली लाईन चालू असते, आणि त्याच रुळावरून साधी लोकल ट्रेनही जाते जिला रिझर्वेशन लागत नाही.

युंगफ्राऊयोख हे बर्फातलं उंच रेल्वे स्टेशन आम्ही मुद्दाम टाळलं. ३४५४ मीटर उंची, काकांना बीपी, आणि तिकीट महाग. ज्यांना जायचंय त्यांनी डॉक्टरांना विचारून जरूर जावं, ग्रिंडेलवाल्डहून आयगर एक्सप्रेस हा रोपवे २०२० पासून सुरू झाल्याने वेळही वाचतो. पण सत्तरीच्या पुढच्या लोकांसाठी माझं मत विचाराल तर रिगी हा डोंगर. ल्युझर्नहून बोटीने फित्स्नाउ, तिथून लाल ट्रेन, ही युरोपातली पहिली दात्यांच्या रुळावरची डोंगरी रेल्वे, १८७१ ची. बोटीत सगळं पांढरं, पलीकडचा किनारासुद्धा दिसेना, मावशी म्हणाली "अगं, काही दिसायचंय का आज?" ट्रेन चढत गेली, काचेवर ओल धरली, मग झाडांचे शेंडे उजळायला लागले आणि एका वळणावर एकदम ऊन आत आलं. वर जवळपास १८०० मीटरवर पोचलो तेव्हा खाली तळंही नाही आणि शहरंही नाहीत, नुसता ढगांचा सपाट समुद्र आणि पलीकडे बर्फाच्या डोंगरांची अख्खी रांग. काका बराच वेळ बाकावर ऊन खात बसले, मंकी कॅपसुद्धा काढून ठेवली. स्टेशनपासून माथ्यापर्यंतची वाट छोटी आहे पण बर्फ घट्ट झालेला असतो, म्हणून बुटांवर चढवायचे रबरी स्पाइक्स घ्याच, स्वस्त मिळतात आणि म्हाताऱ्या माणसांचा हात धरून चालण्यापेक्षा ते बरे. आणि परतीची वेळ आधीच बघून ठेवा, पावणेपाचच्या आत सूर्य मावळतो.

रिगीचा प्रवास स्विस ट्रॅव्हल पासमध्ये, म्हणजे पाहुण्यांसाठीच्या ट्रेन-बस-बोटीच्या पासमध्ये, पूर्ण येतो. पण पाहुणे तुमच्याच घरी राहून एक दिवस फिरणार आणि एक दिवस आराम करणार असतील तर सलग दिवसांचा पास घेऊ नका, हवे ते दिवस निवडता येणारा फ्लेक्स घ्या, म्हणजे धुक्याचा घरात बसलेला दिवस वाया जात नाही. कमी फिरणार असाल तर अर्ध्या भाड्यात तिकीट देणारं, महिनाभर चालणारं हाफ फेअर कार्ड, आणि लांबच्या एखाद्या दिवसासाठी सेव्हर डे पास, म्हणजे एका दिवसाचा पास, जितका आधी काढाल तितका स्वस्त.

शहरांमध्ये सगळ्यात मजा बर्नला आली. तिथे नोव्हेंबरच्या चौथ्या सोमवारी कांद्याचा बाजार भरतो, त्सिबेलेमेरित, पहाटे अंधारातच सुरू होतो. निफाडच्या माणसाला कांद्याचा बाजार दाखवायचा म्हणजे काय सांगू! कांद्यांच्या वेण्या घालून त्यात सुकलेली फुलं गुंफलेली, काकांनी एक वेणी हातात घेतली, मानेजवळ चिमटीने दाबून बघितलं आणि म्हणाले "मान बघ कशी वाळलीय, असा वाळवला तर कांदाचाळीत सहा महिने हलत नाही." दुकानदार बाईला मराठी कळत नव्हतं पण काय चाललंय ते कळलं, तिनेही दुसरी वेणी उचलून तसंच दाबून दाखवलं. लवकर जा, नंतर पोरं कागदाचे तुकडे उधळतात आणि गर्दी वाढते. कांद्याचा केक घेताना शाकाहारी असाल तर 'श्पेक' आहे का विचारा, म्हणजे डुकराचं मांस, बऱ्याचदा असतं. पाऊस-बर्फ असला तरी बर्नमध्ये अडत नाही, जुन्या गावात सहा किलोमीटर कमानीखालचे रस्ते आहेत.

झुरिकमध्ये संध्याकाळी बानहोफस्ट्रासची रोषणाई, आणि धुक्याच्या दिवशी किल्खबेर्गचं लिंट चॉकलेट म्युझियम, स्लॉट आधी बुक करून. जेवायला हिल्टल, १८९८ पासूनचं शाकाहारी रेस्टॉरंट, बुफे वजनावर असतो म्हणून मावशीने थोडं थोडं सगळं चाखलं. फोंड्यूत, म्हणजे ब्रेड बुडवून खायच्या वितळलेल्या चीजमध्ये, व्हाईट वाईन असते, ज्यांना चालत नाही त्यांना आधीच सांगा.

येणाऱ्यांना आधीच कळवा की भारतातून तूप, पेढे, मांस, ताजा कढीपत्ता, बहुतेक ताजी फळं आणायला मनाई आहे, कस्टममध्ये सगळं काढून घेतात. चटण्या, पापड, मसाले चालतात. थर्मल कपडे इथेच घ्या. औषधं मात्र पूर्ण मुक्कामाची प्रिस्क्रिप्शनसकट आणायला सांगा, आणि व्हिसासाठीचा किमान ३०,००० युरोचा विमा घेताना आधीपासूनचे आजार त्यात धरलेत का हे एजंटकडून लेखी घ्या. रविवारी दुकानं बंद असतात, फक्त मोठ्या स्टेशनांवरची उघडी, तेव्हा शनिवारीच दूध-भाजी भरून ठेवा.