जिन्याखालची कुंडी

माझी नर्सरी होटगी रोडला. एप्रिल-मे म्हणजे गिऱ्हाईक कमी आणि तक्रारी भरपूर. अशाच एका एप्रिलात जुळे सोलापुरातून एका काकूंचा फोन आला. निवृत्त शिक्षिका, फोनवरही हजेरी घेतल्यासारख्या बोलतात. "लिली गेल्या सगळ्या. येऊन बघा, आणि कारण सांगा. नुसतं 'ऊन हो ऊन' म्हणू नका."

लिलीचे कांदे त्यांनी ऑनलाइन मागवलेले, हॉलंडचे. नोव्हेंबरात लावले, फेब्रुवारीत तळहाताएवढी गुलाबी फुलं आली. गल्लीतल्या बायका फोटो काढून गेल्या. त्यातल्याच कोणाची तरी नजर लागली असा संशय असावा, कारण गच्चीच्या दाराला ताजं लिंबू-मिरची लटकत होतं.

गच्चीवर पश्चिमेच्या कठड्याला लागून काळ्या प्लॅस्टिकच्या दहा-बारा कुंड्या. दुपारचे चार. पारा ४३ ला टेकलेला. देठं आडवी पडलेली, पानं पिवळी. पण पानांच्या शिरा मात्र हिरव्या. कुंड्यांच्या काठाला पांढरा थर. नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून झाडांना बोअरचं.

"सकाळ-संध्याकाळ मी स्वतः पाणी घालतो," काका म्हणाले. "एक दिवस चुकवला नाही."

मी पहिली कुंडी पालथी केली. कांद्याचा तपकिरी लगदा बाहेर आला आणि काकूंनी पदर नाकाला लावला. दुसरी तशीच. तिसऱ्या कुंडीच्या मातीत थर्मामीटर खुपसला तर ४४.

"पाणी जास्त झालं," मी म्हणालो, आणि काका भडकले. "अख्खं सोलापूर पाण्यावाचून वाळतंय आणि तुम्ही म्हणता जास्त झालं!"

त्यांचा राग चुकीचा नव्हता. आपल्याकडे झाड मेलं की तहानेनं मेलं असंच आपण धरून चालतो. पण लिलियमच्या, म्हणजे या लिलीच्या, कांद्याची रचनाच वेगळी. आपल्या कांद्याला वरून कोरडं साल असतं. याला ते नसतं. लसणासारख्या मांसल पाकळ्या उघड्याच एकमेकींना चिकटलेल्या असतात. त्यामुळे तो पूर्ण कोरडेपणाही सोसत नाही आणि साचलेल्या पाण्यात सडायलाही त्याला वेळ लागत नाही. त्यात शिजती माती. बुरशीला आणखी काय हवं? शिवाय याला कांद्याच्या वर, देठालाही मुळं फुटतात आणि फुलण्याच्या काळात झाड बरंचसं त्यांच्यावर जगतं. कुंडीत सगळ्यांत आधी तापतो तो हाच वरचा थर.

पिवळ्या पानांचं कारण वेगळं. मी काकूंकडे व्हिनेगर मागितलं आणि कुंडीतल्या मातीवर दोन चमचे ओतलं. माती फसफसली. शेतातली काळी माती आणून भरलेली, चुनखडीनं गच्च. त्यात वर बोअरचं जड पाणी. अशा मातीत लोह असूनही झाडाला घेता येत नाही. त्यांनी लावलेली सुवासिक ओरिएंटल जात तर आम्लधर्मी मातीची. काकूंनी दुसऱ्या कुंडीवर स्वतः व्हिनेगर ओतून खात्री केली. शिक्षिकाच त्या.

तेवढ्यात कामाच्या मावशी म्हणाल्या, "एक जिन्याखाली हाय की. वाळली हुती, म्हणून सारली तिकडं." मार्चमध्येच सरकवलेली. तिकडे काकांचा पाइप पोचत नाही. मावशी फरशी पुसून झाली की उरलेलं चुळकाभर पाणी कधीमधी त्यात टाकायच्या. ही कुंडी मातीची, तळाला विटांचे तुकडे असलेली. देठ काडी होऊन गेलेला. मी बोटांनी उकरलं तर खाली कांदा घट्ट, पांढरा, आणि देठाला वाटाण्याएवढी तीन पिल्लं चिकटलेली. काका बराच वेळ तो कांदा हातात फिरवत राहिले. मग मावशींना म्हणाले, "फरशी पुसायचं औषध तरी टाकत नव्हतीस ना त्यात?"

जगला तरी तो आपोआप पुन्हा फुलेल असं नाही, हे सांगणं भाग होतं. या कांद्यांना फूल धरायला सहा-आठ आठवडे दोन ते पाच अंशांची थंडी लागते. हॉलंडहून येताना ते शीतगृहात राहूनच आलेले असतात, म्हणून पहिल्या वर्षी सोलापुरातही फुलतात. आपल्या जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला स्वेटर लागतो, पण माती काही तेवढी गार होत नाही. आपल्याकडची लिली ही बहुतेकांसाठी एका हंगामाची पाहुणी. दुकानदार हे सांगत नाहीत, कारण मग कोण घेणार?

मी दोन वाटा दिल्या. कायमची फुलं हवीत तर रेन लिली, स्पायडर लिली, सुदर्शन लावा. ही वेगळ्या कुळातली, पण आपला उन्हाळा पचवतात आणि पावसाबरोबर फुलतात. आणि हा कांदा जपायचाच असेल तर किंचित ओलसर कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, उत्तरेच्या खोलीत माठाशेजारी ठेवा. सप्टेंबरात भोकं पाडलेल्या पिशवीत घालून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात, नोव्हेंबरात कुंडीत. पालापाचोळ्याचं खत, कोकोपीट आणि जाड वाळू, काळी माती अजिबात नको. वर पन्नास टक्के शेडनेट. फ्रिजमध्ये शेजारी सफरचंद, केळी नकोत. पिकणाऱ्या फळातून निघणाऱ्या वायूनं आतला कळा मरतो.

"म्हणजे फळं कुठं ठेवायची?" काका.

"बाहेर," काकू म्हणाल्या.

सप्टेंबरात त्यांनी फोटो पाठवला. भाजीच्या कप्प्यात पिशवी, आणि पिशवीवर शाळेतल्या फळ्यावर लिहावं तशा मोठ्या, वळणदार अक्षरात: 'कांदा. भाजीत घालू नये. पाणी घालू नये.' शेवटच्या वाक्याखाली दोन रेघा होत्या.