सत्तर मीटरवरचा झोळ

खोल समुद्रात होडीतून गळ टाकताना प्रवाहाने लाईनला पडणारा झोळ आटोक्यात आला. पुरता गेलेला नाही आणि जाणारही नाही, पण आता ६० ग्रॅमचं जिगहेड (हुक ओतलेलं शिशाचं डोकं) ७० मीटरवर तळाला टेकतं, उचललं की पुन्हा टेकतं आणि टेकल्याचं हाताला कळतं. मागच्या नोंदीत १२० ग्रॅम लावूनही काय होत होतं ते आठवत असेल: पहिली टेक स्वच्छ, दुसरी शंकास्पद आणि तिसऱ्या उचलीनंतर नुसती लाईन वाहत सुटायची.

‘वजन वाढव’ हा सल्ला जवळजवळ सगळ्यांचाच होता. १५० ग्रॅमपर्यंत गेलो. तळ लागला, पण पाच इंची शॅड (मऊ रबराचा नकली मासा) तरंगत उतरायच्या ऐवजी सरळ खाली आपटायला लागला. असंच करायचं असेल तर मऊ रबर कशाला, धातूचं जिग बांधावं आणि मोकळं व्हावं. खोल पाण्यात सॉफ्ट प्लास्टिकची सगळी मजा त्या उतरण्यात आहे. मला तरी चावे मिळतात ते बहुतेक ल्युअर, म्हणजे हे नकली आमिष, खाली येतानाच.

खरं कारण हाती लागलं ते लाईनच्या रंगांमुळे. दर दहा मीटरला रंग बदलणारी ब्रेड, म्हणजे विणलेली लाईन, वापरत असाल तर हे जरूर करून बघा. फिशफाइंडरवरची खोली वाचा आणि तळ लागला त्याच क्षणी बाहेर गेलेले रंग मोजा. माझ्याकडे खोली ७० आणि रंग साडेनऊ. म्हणजे ९५ मीटर लाईन पाण्यात, त्यातली पंचवीस नुसती झोळात. अशा वेळी आपण रॉडचं टोक उचलतो तेव्हा ल्युअर उचललाच जात नाही, झोळ थोडा ताठ होतो एवढंच. खाली चावा बसला तरी तो वर पोचेपर्यंत त्याची चाहूल विरून जाते.

मग कागद घेऊन बसलो. माझी ब्रेड पीई ३ (पीई हा ब्रेडच्या जाडीचा क्रमांक), व्यास ०.२८५ मिमी. त्याला ७० मीटरने गुणलं की प्रवाहासमोर उभं राहणारं क्षेत्रफळ येतं सुमारे २०० चौरस सेंमी. वीस बाय दहाची पाटी पाण्यात आडवी धरल्यासारखंच झालं हे! पाच इंची शॅड बाजूने मोजला तर ३० च्या आसपास. १०० ग्रॅमचा शिशाचा गोळा जेमतेम ५. पाण्यात सगळ्यात मोठी वस्तू लाईनच आहे, आणि चर्चा चालली होती डोक्याच्या वजनाची. त्यात पाण्याची ओढ वेगाच्या वर्गाने वाढते. ८० वरून १२० ग्रॅमवर गेलं की वजन दीडपट होतं, पण प्रवाह दीडपट झाला की ओढ सव्वादोनपट होते. वजनाने ही शर्यत जिंकता येत नाही.

याच हिशोबात टंगस्टनचाही निकाल लागला. १०० ग्रॅमचा टंगस्टनचा गोळा शिशापेक्षा लहान असतो हे खरंच, पण क्षेत्रफळात फरक पडतो दीडेक चौरस सेंमीचा. दोनशेतून दीड! उथळ पाण्यात, बारीक डोक्यांसाठी टंगस्टनला माझी हरकत नाही. इथे मात्र ते पैसे लाईनवर घालवा.

तर पीई ३ उतरवली आणि आठ पदरी पीई १.२ भरली. व्यास ०.१८५ मिमी, क्षेत्रफळ १३० वर आलं. लीडरकडे, म्हणजे ब्रेड आणि ल्युअर यांच्यामधल्या तुकड्याकडे, मात्र कुणीच बघत नाही. माझं फ्लोरोकार्बन ०.५७ मिमी जाडीचं आणि पाच मीटर लांब होतं, म्हणजे २८ चौरस सेंमी, जवळजवळ शॅडएवढंच. ते दोन मीटरवर आणलं. ब्रेड-लीडर जोडणारी बारीक एफजी गाठ असल्याने रॉडच्या गाईडमधून (कड्यांमधून) जाताना अडकायचा प्रश्न नव्हता. बारीक लाईनने स्पूल भरत नाही, म्हणून खाली नायलॉनची भर घातली. नुसती ब्रेड स्पूलवर घसरते, हे माहीत आहेच.

लाईन घेताना एक काळजी घ्या. पाकिटावरचा व्यास हा बऱ्याचदा विक्रेत्याचा आशावाद असतो. पेन्सिलीवर पन्नास वेढे अगदी चिकटून घ्या, पट्टीची रुंदी मोजा, पन्नासने भागा. ब्रेड थोडी चपटते, त्यामुळे आकडा नेमका येत नाही, पण दोन लाईनींची तुलना चोख होते. माझ्याकडची एक ‘०.१८’ वाली अशी मोजली तर पीई २ पेक्षा जाड निघाली. ती आता गाठी बांधायच्या सरावाला आहे.

उरलेला झोळ वाऱ्याचा. होडी आणि पाणी एकाच वेगाने एकाच दिशेला चालले असतील तर लाईनवर ओढ जवळपास नसतेच. वारा होडीला पाण्यापेक्षा पुढे रेटतो तेव्हा ती लाईन आपणच पाण्यातून फरफटवत असतो. ड्रोग (होडीला मागे धरणारी पाण्यातली छत्री) टाकल्यावर रंग आणि खोली यांतलं अंतर डोळ्यांदेखत कमी झालं. भांगाच्या, म्हणजे मंद भरती-ओहोटीच्या, दिवशी तर रंग साडेसातच्या आत राहिले. उधाणाला एवढं सुख नाही, पण टेक कळते.

आणि टेक कळली की चावाही कळतो. उतरत्या शॅडवर एक बारीकसा ‘टक्’ आला, लाईन क्षणभर सैल पडली आणि हात आपोआप उठला. तांबोशी. आकाराने सांगण्यासारखी नव्हती, पण तो टक् सत्तर मीटर खालून आला होता! त्यानंतर एक लहान हेकरू आला, पोट फुगलेला. ७० मीटरवर दाब आठ वातावरणांचा, वर एकाचा, त्यामुळे वाताशयातला वायू आठपट व्हायला बघतो. जबड्याला क्लिप लावून वजनाने परत खाली पोचवला. हे साधन नसेल तर एवढ्या खोलीवर ‘सोडून दिला’ म्हणण्याला फारसा अर्थ नाही.

किंमत मोजावी लागलीच. बारीक ब्रेड खडकाच्या धारेला टिकत नाही, आणि लीडर दोनच मीटर असल्याने एका दांडग्या माशाने कपारीत शिरून सगळा सरंजाम नेला. सपाट, वाळूमिश्रित तळावर दोन मीटर आणि खडकाळ जागी साडेतीन, अशी तडजोड सध्या ठरवली आहे.

दुसरा ताप केंड माशांचा. शेपट्या इतक्या साफ कातरतात की वर येतो तो नुसता ठोकळा. टीपीईचे (लवचीक, ताणणाऱ्या प्लास्टिकचे) शॅड जास्त टिकले, पण त्यांना सुपरग्लू नीट धरत नाही, आणि साध्या पीव्हीसीवाल्यांसोबत एका डबीत ठेवले तर दोन्हींचा चिकट लगदा होतो. शिवाय टीपीई तरंगतं, त्यामुळे तळाला टेकल्यावर शेपूट वर उभी राहते. हे मला आवडलंय.

पुढचा बेत होता शेपटीकडे जादा स्टिंगर हुक लावायचा आणि ८० ग्रॅमची फुटबॉल डोकी स्वतः ओतायची. पण हे लिहिताना वाटतंय, खडकाळ तळावर स्टिंगर म्हणजे अडकायला आणखी एक टोक. त्यापेक्षा चेबुराश्का, म्हणजे हुक सुटा अडकवायचं शिसं, का नको? हुक शिशात पक्का नाही, सांध्यावर हलतो, म्हणजे वजन जड असलं तरी रबर मोकळं राहील. ऑफसेट हुकचं टोक रबरात लपवलं की खडकात अडकणंही कमी. साचा मागवायचा राहू दे. आधी ६० आणि ८० ग्रॅमचे चेबुराश्का टीपीई शॅडबरोबर, उधाणाच्या पाण्यात. लपवलेलं टोक ७० मीटरवरून नीट बसतं का, एवढीच धाकधूक आहे. गॅप (हुकचं टोक आणि दांडा यांतलं अंतर) रुंद हवा हे नक्की; ६/० मापाच्या हुकने सुरुवात करतो. या खोलीवर कुणी ७/० वापरला असेल तर जबड्यात कुठे बसला ते कळवा.