चौदा कालवडी आणि एक उघडे फाटक

म्युनिकच्या दक्षिणेला, आल्प्सच्या पायथ्याशी, मी मे ते ऑक्टोबर या काळात सायकल-सहलींचा मार्गदर्शक म्हणून काम करतो. आमच्या सहली ग्रॅव्हल सायकलींवरच्या असतात, म्हणजे खाली वळलेल्या हँडलची, पण ४५ मिलिमीटर रुंदीचे टायर असलेली सायकल घेऊन डांबरी रस्ता सोडायचा आणि कुरणांतून व सूचिपर्णी जंगलांतून जाणाऱ्या खडीच्या रस्त्यांनी दिवसभर हिंडायचे. हे रस्ते आपल्यासाठी बांधलेले नाहीत, हे पाहुण्यांना पटवून देण्यात माझी सकाळ खर्च होते. लाकडाचे ओंडके वाहून नेणारे ट्रक आणि उन्हाळ्यात डोंगरावरच्या कुरणांत गुरे नेणारे शेतकरी यांच्यासाठी ते झाले आहेत. बव्हेरियाच्या राज्यघटनेच्या १४१व्या कलमाने निसर्गात मोकळेपणाने फिरण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे, त्याच्या आधाराने आपण तेथे जातो. वाटेतले प्रत्येक फाटक जसे सापडेल तसेच मागे सोडायचे, ही त्या हक्काची किमान किंमत आहे असे मी मानतो.

त्या शनिवारी माझ्याबरोबर पुण्याहून आलेले चार जण होते. चौघेही बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब पल्ला कापण्याच्या सायकल-मोहिमा, केलेले आणि त्यातले ६०० किलोमीटर ४० तासांच्या आत कापलेले, त्यामुळे त्यांच्या दमाची मला काळजी नव्हती. काळजी होती ती त्यांच्या सवयींची. वरंधा आणि ताम्हिणी घाटांत डांबरावर उतरायला शिकलेला माणूस वळणात शिरल्यावरही पुढचा ब्रेक दाबून ठेवतो, आणि सुट्या चुनखडीवर तेच केले की पुढचे चाक निमूटपणे बाजूला सरकते. शिवाय डोंगरउतारावरच्या जंगलरस्त्यांत पावसाचे पाणी बाहेर काढण्यासाठी लोखंडी किंवा लाकडी पन्हळी तिरप्या बसवलेल्या असतात. त्या काटकोनात ओलांडल्या नाहीत तर टायर त्यांत अडकतो. लेंगग्रीसच्या स्टेशनाबाहेर मी सगळ्यांच्या टायरांमधली हवा सव्वादोन बारपर्यंत उतरवली, तेव्हा त्यांच्यातले एक काका, जे प्रत्येक चढाची नोंद हँडलवरच्या यंत्रात ठेवत होते, फार अस्वस्थ झाले. "अरे, एवढ्या कमी हवेवर माझी सरासरी काय राहणार?" असे त्यांनी दोनदा विचारले.

बेत असा होता की याखेनाऊच्या खोऱ्यातून मधला डोंगर चढून पलीकडे इझार नदीकडे उतरायचे, सिल्फेनश्टाइनचा जलाशय पाहायचा आणि नदीकाठाने वर फोर्डररिस या वस्तीपर्यंत जाऊन परतायचे. हे धरण १९५४ ते १९५९ या काळात मुख्यतः पूरनियंत्रणासाठी बांधले गेले आणि त्याच्या पाण्यासाठी फाल नावाचे गाव उठवून वरच्या अंगाला नव्याने वसवावे लागले, हे ऐकल्यापासून काकांना ते पाहायचेच होते. चढ उत्तम पार पडला. माथ्याजवळच्या कुरणावर एका गुराखीणबाईंची झोपडी आहे. तेथे आम्ही नेहमीप्रमाणे ताक प्यालो आणि पुढे निघालो.

कुरणाच्या हद्दीवर रस्त्यात आडव्या लोखंडी नळ्यांची जाळी बसवलेली आहे. तिच्यावरून चाक जाते, पण गुरांचे खूर जात नाहीत, म्हणून गुरांना नेण्या-आणण्यासाठी शेजारी एक लाकडी फाटक ठेवलेले असते. नळ्यांवरून सायकल नेण्याची भीती वाटणारे लोक या फाटकाने जातात. त्या दुपारी ते सताड उघडे होते, आणि खडीवर ताजे शेण व खुरांच्या खुणा उताराच्या दिशेने गेलेल्या दिसत होत्या. कोणी उघडे टाकले हे शोधण्यात अर्थ नव्हता. मी सर्वांना उतरायला सांगितले आणि सायकली हातात धरून आम्ही चालू लागलो. दुसऱ्याच वळणापलीकडे, रस्ता अडवून, गळ्यात घंटा बांधलेल्या तपकिरी-पांढऱ्या कालवडी उभ्या होत्या.

बव्हेरियातल्या डोंगरी कुरणांवर दुभत्या गाईंपेक्षा अशी तरुण जनावरेच अधिक असतात. ती वासराच्या आईइतकी धोक्याची नसतात. ती कुतूहलाने जवळ येतात आणि तितक्याच पटकन उधळतात. अशा वेळी मागून सायकल रेटणे ही सर्वांत वाईट गोष्ट, कारण जनावर मागच्या आवाजापासून पळते आणि पळायला एकच दिशा असते, ती खाली. खाली खोऱ्यातला वाहता रस्ता होता, ज्यावर उन्हाळी शनिवारी मोटारसायकलींची रांग लागलेली असते.

येथून पुढचे काम माझ्या एकट्याच्या आवाक्यातले नव्हते, हे स्पष्ट आहे. चौघांपैकी एक बाई सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या पशुवैद्य होत्या. त्यांनी दोन वाक्यांत ताबा घेतला: कोणी ओरडायचे नाही, कोणी हात हलवायचे नाहीत. जनावराच्या खांद्याच्या मागे उभे राहिले की ते पुढे जाते आणि खांद्यापुढे उभे राहिले की वळते, म्हणून आपल्याला आधी त्यांच्या खालच्या बाजूला पोहोचले पाहिजे, असे त्या म्हणाल्या. मोबाइलला तेथे सिग्नल नव्हता, म्हणून गुराखीणबाईंना आणायला काकांना परत वर पाठवले. त्या दिवशीचा हा त्यांचा दुसरा चढ होता, आणि या खेपेला यंत्राकडे बघण्याची त्यांना शुद्ध नव्हती असे ते नंतर स्वतःच सांगत होते. एका पाहुण्याला उघड्या फाटकापलीकडे उभे केले, एकाला रस्त्याच्या उघड्या कडेला. डॉक्टर मॅडम आणि मी मधल्या जंगलातून, मुळांना धरत, खालच्या वळणावर उतरलो.

नंतरची पाऊण घटका मी विसरणार नाही. मॅडम रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या, दोन पावले पुढे टाकली, थांबल्या, जनावरांनी माना वळवल्या की एक पाऊल मागे घेतले. मी त्यांच्या डाव्या हाताला, त्या सांगतील तेवढाच हलत होतो. सायकलीवरचे बूट घालून त्या खडीवर त्या ज्या स्थिरपणे उभ्या होत्या, ते पाहून माझ्या सकाळच्या ब्रेकवरच्या व्याख्यानाची मला जरा गंमत वाटली. घंटा हळूहळू चढाच्या दिशेने वाजू लागल्या. एव्हाना गुराखीणबाई मीठ आणि कोंड्याचे मिश्रण भरलेली पिशवी घेऊन फाटकाशी आल्या होत्या. त्यांनी हाक दिली आणि पुढची कालवड धावतच आत गेली, तिच्या मागे बाकीच्या.

मोजल्यावर तेरा भरल्या. असायला हव्या होत्या चौदा. कारवेंडेलच्या रांगेवर ढग काळे होत चालले होते, आणि डोंगरावर वीज पडून गुरे दगावणे ही तेथे ऐकीव गोष्ट नाही. चौदावी शेवटी घंटेच्या आवाजावरून खालच्या ओढ्यात सापडली. पन्हळीत मागचा पाय घसरून तिचे कातडे सोलले होते आणि ती पाय टेकत नव्हती. मॅडमनी गुडघ्यापासून खुरापर्यंत पाय चाचपला. हाड शाबूत आहे, खुरांच्या बेचक्यात खडीचा तुकडा रुतला आहे, असे त्यांनी मराठीत मला सांगितले, मी जर्मनमध्ये बाईंना सांगितले. खडा मात्र काढला तो आमच्या दुरुस्तीच्या पेटीतल्या चिमट्याने, जो एरवी टायरमधून काटे काढायला असतो. सायकलच्या बाटल्यांतल्या पाण्याने जखम धुतली आणि तिला तिच्याच चालीने वर नेले.

पाऊस आम्ही झोपडीत बसून काढला. वीज थांबल्यावर अर्धा तास जाईपर्यंत कोणाला बाहेर सोडायचे नाही, हा माझा नियम आहे, आणि त्या दिवशी कोणी वाद घातला नाही. सिल्फेनश्टाइन आणि फोर्डररिस रद्द करून आलेल्या वाटेनेच याखेनाऊकडे उतरायचे ठरवले. ओली खडी कोरडीपेक्षा चाकाला चांगली धरते, निदान वरची बारीक भुकटी वाहून गेलेली नसते तोवर, त्यामुळे उतार अपेक्षेपेक्षा सोपा गेला. लेंगग्रीसला पोहोचलो तेव्हा आमची गाडी सुटून गेली होती आणि पुढच्या गाडीपर्यंत आम्ही शेणाने माखलेले पाच जण फलाटावर बसून राहिलो.

रात्री कार्यालयासाठी अहवाल लिहिला. पाहुण्यांना जनावरांजवळ जाऊ का दिले, विम्यात ते बसते का, अशी विचारणा सोमवारी झाली. पशुवैद्य सोबत होत्या आणि खाली वाहता रस्ता होता, एवढेच उत्तर मी दिले. ते स्वीकारले गेले, आणि मार्गदर्शकांच्या सूचनापत्रात एका ओळीची भर पडली: उघडे फाटक आणि खुरांच्या ताज्या खुणा दिसल्यास गट सायकलींवरून उतरेल आणि सर्वांत आधी कुरणाच्या रखवालदाराला निरोप जाईल. काका दुसऱ्या दिवशी एकटेच बसने जाऊन जलाशय पाहून आले.