रोबो-सॉकरचा बॉल ठरवताना

आमच्या कॉलेजच्या टेक-फेस्टमध्ये रोबो-सॉकरच्या, म्हणजे रोबोंच्या फुटबॉलच्या, नियमावलीत बॉलबद्दल एकच ओळ असायची: ‘बॉल आयोजक देतील.’ बहुतेक भांडणं त्या ओळीतूनच निघायची. कुणी टेनिस बॉलवर सराव करून येणार, इथे हातात एक नंबरचा, म्हणजे सगळ्यात छोट्या मापाचा, फुटबॉल. मग ‘बॉल टणक आहे’, ‘बॉल बसलाय’, पंचाचं डोकं फिरलं. यंदा नियमावली माझ्या गळ्यात पडली.

आधी बाहेर काय चालतं ते पाहिलं. रोबोकप या रोबोंच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत, छोट्या रोबोंच्या स्मॉल साइज लीगमध्ये नारिंगी गोल्फ बॉल असतो. त्यात हवाच नाही, म्हणजे कटकटच नाही. तिथल्याच नाओ या माणसासारख्या दोन पायांच्या रोबोंच्या लीगने 2016 पासून 10 सेंटीमीटरचा फोमचा बॉल घेतला. मिडल साइज लीगला मात्र पाच नंबरचा, म्हणजे मोठ्यांच्या सामन्यातला, खरा फुटबॉल. आमचे रोबो रिमोटवर चालणारे, आणि गोल्फ बॉल मागच्या रांगेतल्या पोरांना दिसणार कसा? एक नंबरच ठेवायचा ठरलं.

फुटबॉलच्या नियमात बॉलमधल्या हवेचा दाब 0.6 ते 1.1 वातावरण (दाबाचं एकक) इतका चालतो, म्हणजे जवळजवळ दुप्पट फरक. खेळाडूचा पाय तेवढं सांभाळून घेतो. रोबोचा किकर, म्हणजे बॉल मारणारा भाग, एकाच जोराने मारतो, त्याला हे झेपत नाही.

दुकानात विचारलं तर उत्तर, “दादा, एक नंबर म्हणजे छोटा, झालं!” टेपने घेर मोजला तर कुठला 43 सेंटीमीटर, कुठला 46 च्याही पुढे. म्हणून लेझर कटरवर अ‍ॅक्रिलिकच्या दोन रिंगा कापल्या, 143 आणि 146 मिलिमीटर व्यासाच्या. मोठीतून बॉल गेला पाहिजे, छोटीत अडकला पाहिजे. तोच बॉल एका बाजूने सुळकन जायचा आणि फिरवून धरला की अडायचा. शिवलेला बॉल पूर्ण गोल नसतोच! मग तीन बाजूंनी तपासायचं ठरलं.

खरी डोकेदुखी हवेची. पिनला ग्लिसरीन लावून गेज, म्हणजे दाब मोजायचं यंत्र, खुपसला की ‘फुस्स’. पाच नंबरला त्याचं काही वाटत नाही, पण एवढ्याशा बॉलमध्ये मुळात हवाच थोडी. दुसऱ्यांदा मोजलं की आकडा खाली. त्यात उन्हात 6 पीएसआय (हेही दाबाचंच एकक) भरलेला बॉल एसी हॉलमध्ये आणला की पाऊण पीएसआय तसाच उतरतो.

म्हणून गेज फक्त भरताना, तेही हॉलमध्ये बॉल तासभर ठेवल्यावर. पास-नापास ठरणार उसळीवर. फिफाच्या चाचणीत बॉल 2 मीटरवरून पोलादी पत्र्यावर टाकतात. आम्ही 1 मीटरवरून, आमच्याच मैदानाच्या प्लायवर. भिंतीला पट्टी चिकटवली, मोबाइलवर स्लो-मोशन. उंची बॉलच्या वरच्या टोकापासून धरायची की खालच्या, यावर बैठकीत इतकी खडाजंगी झाली की सर म्हणाले, “अरे, चहा तरी घ्या आधी!” खालचं टोक ठरलं. मला ते पटतं, कारण बॉलचा आकार हिशेबात येत नाही.

आता पास झालेले बॉल टेबलावर झाकून असतात. हाफटाइमला दोन्ही कॅप्टनसमोर पुन्हा उसळी बघतात, नापास झाला की बॉल बदलतात. सरावासाठी तसाच बॉल हवा असेल तर रिंगांची ड्रॉइंग फाइल टीमना नोंदणीच्या वेळीच देतो.